बीभत्स रसाची द्रुत लय

गेल्या दिवाळीस आमचा भाचा पुण्याहून आमच्याकडे जळगाव जामोदास आला होता. नरक चतुर्दशीच्या दुपारी तो ओसरीवर बसून, खिशात मावेल एवढ्या लहानशा ध्वनिवर्धक पेटीवर काही ऐकत होता. आरंभी आम्हास वाटले की पेटीत बिघाड झाला असावा. मग ध्यानात आले की जो घरघराट चालला आहे तो माणसाच्या कंठातून निघत आहे आणि त्याच्या पाठीमागे जे धडधडते ते यंत्र नसून चर्मवाद्य आहे. आमच्या मातोश्री आत वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी तेथूनच विचारले, "कोनाच्या आंगात आलं रे हे? त्याले पानी तरी पाजा कोनी!"

भाचा हसला, आम्हीही हसलो. परंतु पुढे ह्या विषयाची जी थोडीबहुत चौकशी आम्ही केली, तिच्या अखेरीस मातोश्रींच्या त्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न आमच्या वाचनात कोठे आला नाही, हे येथे आधीच कबूल करून ठेवतो.

भाचा जी ध्वनिमुद्रिका ऐकत होता तिचे नाव 'ॲम्प्युथिएटर'. मुंबईच्या 'गटस्लिट' नामक वाद्यवृंदाने ती 2017 साली प्रसिद्ध केली. शस्त्रवैद्याने अवयव कापून वेगळा करणे आणि प्रेक्षकांनी भरलेले नाट्यगृह, ह्या दोन अर्थांचे इंग्रजी शब्द एकमेकांत घालून हे नाव बनविले आहे. नाव ऐकताच सुसंस्कृत माणसाने नाक मुरडावे, असाच करणाऱ्यांचा हेतू दिसतो, आणि आम्हीही ते मुरडले. मात्र नाक मुरडणे ह्या क्रियेसच आपल्या साहित्यशास्त्रात एक प्रतिष्ठित स्थान आहे, ह्याची आठवण मागाहून झाली.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आठ रस सांगितले. त्यांपैकी शृंगार, रौद्र, वीर व बीभत्स हे चार मूळचे आणि उरलेले चार त्यांच्यापासून निघालेले. बीभत्सापासून निघतो तो भयानक. म्हणजे भरताच्या मते किळस ही आधीची आणि भीती तिच्या पोटची. बीभत्साचा वर्ण निळा, देवता महाकाल; भयानकाचा वर्ण काळा, देवता काल. ह्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, कोणत्या रसास कोणता स्वर व कोणती लय योजावी, हेही त्याने सांगून ठेविले आहे. हास्य व शृंगार ह्यांस मध्यम व पंचम, करुणास गांधार व निषाद, आणि बीभत्स व भयानक ह्या जोडीस धैवत. करुणाची लय विलंबित, परंतु बीभत्साची व भयानकाची द्रुत. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ह्या ग्रंथात किळस आणि भीती ह्यांस एकत्र बांधून त्यांना जलद गती दिलेली आहे, हे ध्यानात ठेवून वाचकांनी पुढील हकीकत वाचावी.

ग्रंथात असे असले तरी व्यवहारात काय झाले? आपल्या रागसंगीताने शृंगार घेतला, करुण घेतला, भक्ती तर घेतलीच घेतली. बीभत्साला मात्र त्याने दाराबाहेर उभे केले. धैवत सुखाने इतरत्र नांदू लागला. कोणत्याही बैठकीत गवयाने 'आता बीभत्स रसाचा राग सादर करतो' असे म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. साहित्याने एवढे सोवळे पाळले नाही. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाच्या त्या जळत्या मुखांचे वर्णन आहेच. अलीकडच्या काळात नारायण धारप ह्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहून मराठी मध्यमवर्गाच्या घरात कंदील मालवल्यानंतरची भीती आणून बसविली, आणि रत्नाकर मतकरी ह्यांनी गूढकथेस वाङ्मयीन मान मिळवून दिला. लोकांच्या देवळांत व अंगणांत तर भयानक कधी परका नव्हताच. डफ आणि हलगी घुमू लागली, लय चढू लागली, की अंगात येते, कंठ बदलतो, बाई पुरुषाच्या आवाजात बोलू लागते. मातोश्रींनी वाती वळता वळता जे ओळखले ते हेच. उणीव होती ती मधल्या जागी. अंगणात जे देवाच्या नावाने होई आणि पुस्तकात जे मुकाट्याने वाचले जाई, ते नादाच्या कलेत कोणी जाणूनबुजून रचलेले नव्हते.

ती रचना प्रथम झाली ती दूर विलायतेत, बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहरी. तेथील टोनी आयोमी नावाच्या तरुणाची उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात तुटली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटारीच्या तारा उतरवून खालच्या सुरात मिळविल्या. अवजड, खर्जातला तो नाद ह्या अपघाताचे अपत्य होय. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' ह्या मंडळीची पहिली ध्वनिमुद्रिका 1970 च्या फेब्रुवारीत निघाली. मंडळीचे नाव घेतले होते ते एका भयपटावरून. लोक पैसे मोजून भिण्यास जातात, मग भिवविणारे संगीत का करू नये, असा विचार त्यांनी केला म्हणतात.

त्या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्याच गीतातील स्वरवाक्य तीन स्वरांचे आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम. षड्ज व तीव्र मध्यम ह्यांमधील अंतरास युरोपीय पंडितांनी 'संगीतातील सैतान' असे नाव दिले होते. मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती ही कथा मात्र निराधार आहे. ते नावच अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांत आढळते. आम्हास गंमत वाटते ती निराळीच. हाच तीव्र मध्यम आपल्याकडे यमनात येतो, आणि तिन्हीसांजेस मुली तो शिकताना घरात प्रसन्नता पसरते. स्वरात सैतान नसतो व देवही नसतो. त्याच्या शेजारी कोणास बसविले त्यावर सारे अवलंबून, हे युरोपीय पंडितांस कोणी तरी सांगावयास हवे होते. असो.

ह्या मूळ प्रवाहाला 1980 नंतर गती चढली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 'थ्रॅश' म्हणून ओळखला जाणारा प्रकार उदयास आला. 'मेटॅलिका'ची पहिली ध्वनिमुद्रिका 1983 ची. 'स्लेअर'ने 1986 साली दहा गीते अर्ध्या तासाच्या आत संपविली. त्याच वर्षी मिशिगन प्रांतातील फ्लिंट ह्या गावी एक गोष्ट घडली, जिच्यापाशी आम्हास अंमळ थांबावयाचे आहे.

फ्लिंट हे जनरल मोटर्सचे जन्मगाव. कंपनी तेथे 1908 साली स्थापन झाली, गाव तिच्यावर वाढले आणि 1980 नंतरच्या दशकात कारखान्यांतून हजारोंनी माणसे कमी होऊ लागली तेव्हा गावच खचू लागले. तेथील स्कॉट कार्लसन, मॅट ऑलिव्हो आणि त्यांच्या सोबत्यांनी 'रिपल्शन' नावाची मंडळी काढली होती. रिपल्शन म्हणजेच जुगुप्सा, बीभत्साचा स्थायिभाव! भरताचे नाव त्या मुलांनी ऐकले असण्याचा संभव नाही, म्हणूनच हा योगायोग आम्हास लाखमोलाचा वाटतो. त्यांनी 1986 साली अठरा गीते ध्वनिमुद्रित केली. सगळी मिळून अर्धा तासही भरत नाहीत. विषय भयपटांतले: उठून चालणारी प्रेते, शवपेटीतील किडे. पण त्यांतच अणुकिरणांच्या बाधेने सडणाऱ्या देहावरही एक गीत आहे. शीतयुद्धाच्या काळातील मुलांना भूत कोठे दिसत होते, ते ह्यावरून कळते.

हे ध्वनिमुद्रण घेण्यास कोणी प्रकाशक पुढे आला नाही. मंडळी मोडली. परंतु कॅसेट मोडली नाही. एकाने दुसऱ्यास टपालाने पाठवावी, त्याने घरी उतरवून तिसऱ्यास पाठवावी, असा एक व्यवहार त्या काळी देशोदेशीच्या तरुणांत चाले. आपल्याकडे पोथ्या ज्या रीतीने उतरवून घेतल्या गेल्या त्याच रीतीचा हा प्रकार. फरक इतकाच की पोथीत लेखनिकाच्या चुका साठत, येथे प्रत्येक प्रतीत खरखर साठे. अशी फिरत फिरत ती कॅसेट इंग्लंडात पोहोचली. अखेर लिव्हरपूलच्या 'कार्कस' मंडळीतील जेफ वॉकर व बिल स्टीअर ह्यांनी 1989 साली 'हॉरिफाइड' ह्या नावाने ती प्रसिद्ध केली, तेव्हा तिची शिष्यशाखा तिच्या आधीच नावारूपास आलेली होती. गुरूचा ग्रंथ शिष्यांनी छापावा, असे हे झाले.

ती शाखा म्हणजे 'ग्राइंडकोर'. नाव दिले बर्मिंगहॅमच्याच 'नेपाम डेथ' मंडळीतील तालवादक मिक हॅरिस ह्याने. ग्राइंड म्हणजे दळणे. आपल्याकडे दळता दळता ओवी सुचली. तेथे दळणाचा नादच गीत होऊन बसला. 'स्कम' ही त्यांची 1987 ची ध्वनिमुद्रिका अठ्ठावीस गीतांची आहे आणि त्यातील एक गीत दीड सेकंदही चालत नाही. वाचकांनी हे वाक्य वाचण्यास जेवढा वेळ घेतला तेवढ्यात ते तीनचार वेळा ऐकून होईल. 'कार्कस'ने 1988 साली वैद्यकीय कोशातील रोगांची व शवविच्छेदनाची परिभाषा गीतांत आणली. हे सारे रक्तमांसाचे गायन करणारी ती मंडळी स्वतः शाकाहारी होती, हे ऐकून आमच्या मातोश्रींस फार समाधान वाटले.

तंत्राविषयी दोनच गोष्टी सांगतो. तालवादक पायाचा ढोल व हातचा ताशासारखा ढोल आलटून पालटून इतक्या शीघ्र वाजवितो की मात्रा वेगळ्या मोजता येत नाहीत. सतारीचा झाला शेवटी जसा एकच सलग प्रकाश होतो, तसा हा एकच सलग आघात होतो. आणि तो घरघरणारा कंठ ओरडण्याने फाटलेला नसतो. खऱ्या स्वररज्जूंच्या वर जे मांसल पडदे असतात त्यांना कंप देऊन तो आवाज काढतात. त्यास शिक्षण लागते, रियाज लागतो. चुकीचे केले तर गळा जातो. भाच्याने हे सांगितले तेव्हा आमच्या मनातील अर्धा तिटकारा गेला. रियाज करणाऱ्यास आम्ही सहसा अव्हेरीत नाही.

मुंबईस हे संगीत कसे आले? कॅसेटीतून, परदेशी गेलेल्या काकामामांच्या पेट्यांतून आणि काळा घोड्याच्या 'रिदम हाउस'मधून. ते दुकान 2016 साली बंद झाले. आम्ही विद्यार्थिदशेत तेथे नाट्यगीतांच्या कॅसेटी चाळीत असता पलीकडच्या खणापाशी काळे सदरे घातलेली पोरे घोळका करून उभी असत. ती काय शोधतात हे विचारावे असे आम्हास कधी वाटले नाही. आज वाटते, पण आता तो खण नाही.

फरहाद वाडिया ह्यांनी 1986 साली 'इंडिपेन्डन्स रॉक' हा उत्सव सुरू केला आणि धोबीतलावाजवळील 'रंगभवन' ह्या खुल्या नाट्यगृहाशी त्याचे नाते जडले. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, आसपासची रुग्णालये व शाळा ह्यांमुळे ती जागा शांतता क्षेत्रात गेली आणि रंगभवन मुके झाले. नियम रास्त होता, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु ज्या पिढीची रंगभूमी अशी गेली, तिने पुढे उपाहारगृहांच्या मागच्या खोल्यांत व महाविद्यालयांच्या प्रांगणांत आपला डाव मांडला, हेही इतिहासात नोंदले पाहिजे.

त्या डावातील मंडळी मोजकी आहेत. 'सेप्टर' ही थ्रॅश मंडळी 1998 ची. साहिल मखिजा ह्यांनी 2000 साली 'डिमॉनिक रेझरेक्शन' काढली. तिची 2017 ची ध्वनिमुद्रिका 'दशावतार' मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गीतांत दहा अवतार गाते. कोकणातील दशावतारी खेळात नृसिंह खांबातून निघतो त्या क्षणी लहान मुले आईच्या पदराआड जातात. त्याच नृसिंहाला खर्जातली गिटार मिळाली, एवढेच नवे. 'अल्बाट्रॉस' ही 2008 ची मंडळी तर भयकथाच सांगते. 'डिनर इज यू' (2010) व 'फिअर फ्रॉम द स्काइज' (2014) ह्या तिच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना धारपांचा वाचक फारसा बुजणार नाही.

परंतु आमचे मन ज्या नावापाशी घोटाळते ते 'भयानक मौत'. ही मंडळी मुंबईत 2003 च्या सुमारास उभी राहिली. तिने 2009 साली एक व 2014 साली 'मॅन' ही दुसरी मोठी ध्वनिमुद्रिका दिली. तिच्यात दोन गायक, आणि दोघांचेही कंठ त्या घरघराटात सिद्ध झालेले. गीते इंग्रजीत आहेत. नाव मात्र आपले. 'भयानक' हा शब्द भरताचा आणि 'मौत' हा अरबी-फारसीच्या वाटेने आलेला. दोन्ही मिळून रस्त्यावरच्या चित्रपटाच्या फलकावर शोभतील. इंग्रजी वृत्तपत्रे वाचणाऱ्या मुंबईकर मुलांनी हे नाव थट्टेने ठेविले असेल. तरी ठेविले तेव्हा त्यांच्या हाती रसशास्त्राचाच शब्द आला. इतर सर्व मंडळींची नावे मातोश्रींस दोनदा सांगावी लागली, हे एकदाच. त्या म्हणाल्या, "हे कसं, नावातच सांगून देल्लं!"

'गटस्लिट' ह्याहून पुढे गेली. ती 2007 ची. 'स्क्यूअर्ड इन द सूअर' (2013) आणि 'ॲम्प्युथिएटर' ह्या तिच्या ध्वनिमुद्रिका डेथ मेटल व ग्राइंडकोर ह्यांच्या सीमेवर राहतात. मुंबईचेच कुणाल चोकसी 'ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी' नावाची प्रकाशन संस्था चालवितात. 'ॲम्प्युथिएटर' तिच्याकडूनच निघाली. फ्लिंटच्या कॅसेटीस तीन वर्षे प्रकाशक मिळाला नव्हता. मुंबईस तो घरातच निघाला. ही मंडळी युरोपातही वाजवून आली आहे. एका दोषाविषयी आम्ही येथे मौन पाळणार नाही. ह्या पंथाच्या अनेक विदेशी पदांत स्त्रीदेहाची जी विटंबना चालते तिला बीभत्स रस म्हणता येत नाही. ती नुसती नीचता आहे. रस निर्माण होण्यास प्रेक्षकाने कोणाच्या तरी बाजूने पाहावे लागते, आणि तेथे ज्या बाजूने पाहावयास लावतात ती बाजू पाहण्यासारखी नसते. भाच्यास हे बोलून दाखविले तेव्हा त्याने वाद घातला नाही.

वाद घातला तो आमचे शेजारी, निवृत्त गुरुजी ह्यांनी. सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, "अहो, 2006 साली सरकारने पश्चिम विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा होता. ज्यांच्या दारात खरे मरण येऊन गेले, त्यांनी मरणाचे गाणे कशाला ऐकावे? ही भरल्या पोटाची चैन आहे."

ह्या आक्षेपापुढे आम्ही त्या दिवशी निरुत्तर झालो, आणि पुरते उत्तर आजही आमच्यापाशी नाही. अभिनवगुप्ताने भयानक रसाचे स्पष्टीकरण करताना शाकुंतलातील पळत्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. त्या हरणाची भीती पाहताना ती माझी नसते, तुमची नसते, शत्रूची नसते. ती नुसती भीती असते, म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो, असा त्याचा आशय. हे शास्त्र गुरुजींस ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे असे की ज्याच्या घरावर बाण लागला तो हरणाकडे असे पाहू शकत नाही. खरे आहे. परंतु ज्या गावी हे संगीत जन्मले ती गावे भरल्या पोटाची होती काय? आयोमी कारखान्यात बोटे गमावून आला होता. फ्लिंटच्या मुलांच्या भोवती कामगारांची घरे रिकामी होत होती. त्यांनी कारखान्यावर गीते लिहिली नाहीत, किड्यांवर लिहिली. ज्याचे नाव घेववत नाही त्याचे दुसरे नाव घेण्याची ही रीत असावी.

आणि आमच्याच तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेस तेथे शेतात घट मांडतात. मध्ये खड्डा, त्यात मातीची ढेकळे व पाण्याची घागर, भोवती अठरा धान्ये, पापड, कुरडई, पानसुपारी. रात्रभर तेथे कोणी जात नाही. पहाटे जे हलले, जे सांडले, त्यावरून पाऊस, पीक, रोगराई, परचक्र, राजाची गादी ह्यांचे भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची ही चाल असल्याचे मानतात. भाकीत खरे ठरते की खोटे, ह्या वादात आम्ही पडत नाही. शास्त्र म्हणून त्यावर आमचा विश्वास नाही. पण पहाटेच्या गारव्यात उभे असलेले ते शेतकरी आम्ही पाहिले आहेत. यंदा अमुक पिकाची नासाडी, अमुक महिन्यात पाऊस नाही, असे एकेक वाक्य पडते आणि कोणी रडत नाही, पळत नाही. वर्षभर जी भीती एकट्याने उशाशी घेऊन निजावयाचे, ती त्या पहाटे चारचौघांत, ठरल्या क्रमाने, मोठ्याने बोलली जाते. मग लोक चहा पिऊन घरी जातात व पेरणीच्या तयारीस लागतात.

गुरुजींस आम्ही हे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भेंडवळात ढोल नसतो." आम्ही म्हणालो, नसतो.

भाऊबीज उरकून भाचा परत निघाला तेव्हा शेगावची गाडी गाठून देण्यास आम्ही त्याजबरोबर एस. टी. स्थानकापर्यंत गेलो. त्याने कानातील एक नळी आमच्या कानात घातली आणि "मामा, हे 'हॉरिफाइड'" असे म्हणाला. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या ध्वनिमुद्रणात खरखर भरपूर आहे. आम्हास शब्द एकही कळला नाही. तिसरे की चौथे गीत चालू असता बस आली. घरी येऊन पाहतो तो मातोश्री त्या लहान पेटीकडे पाहत बसलेल्या. भाचा ती विसरून गेला होता. त्या म्हणाल्या, "ठेवून दे. पन दिवेलागनीले नको लावू."

आम्ही ती देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात न ठेवता पुस्तकांच्या कपाटात, धारपांच्या रांगेत ठेविली आहे.